जमतं ते मानवतंच असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या पुरवणीत ऑनलाइन खेळांवर एक पान आलं होतं. त्यातल्या चौकटीत 'तुम्हाला कोणतं पात्र शोभेल?' असं विचारून खाली उत्तरंही दिली होती. तापट असाल तर योद्धा, अभ्यासू असाल तर जादूगार. मुली आणि गृहिणींना मात्र हीलरची, म्हणजे जखमी साथीदारांवर उपचार करणाऱ्याची भूमिका 'स्वभावतःच' मानवते. मी ते वाचलं आणि पेपर रद्दीत ठेवला. चार दिवसांनी आमच्या वरच्या मजल्यावरची नववीतली मुलगी तेच कात्रण घेऊन आली. म्हणाली, "काकू, मला हीलरच घ्यावं लागेल ना? पेपरात आलंय." तेव्हा मात्र मला गप्प बसवेना.

मी सिडकोत उत्तमनगरजवळ मेस चालवते. बावीस वर्षं झाली. अंबड एमआयडीसीतली पोरं, दोन-तीन शिक्षक, परीक्षेला बसलेले काही जण असे चाळीस-बेचाळीस मेंबर, शिवाय पंधरा डबे. थोरला मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि आमचं बोलणं 'जेवलास का' आणि 'हो' एवढ्यावर आलं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आला तेव्हा त्याने त्याचा जुना कॉम्प्युटर पुढच्या खोलीत मांडून दिला आणि म्हणाला, "आई, रात्री तासभर माझ्याबरोबर खेळ. फोनवर मला काही सुचत नाही, पण खेळताना मी बोलतो." वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा तो खेळ. २००४ साली निघाला, अजून चालू आहे. विसाव्या लेव्हलपर्यंत फुकट खेळता येतो, पुढचे महिन्याचे पैसे तो भरतो. त्याचे तीन मित्रही असतात. इथल्याच कॉलेजातली पोरं, आता एक नाशिकरोडला, एक हिंजवडीला, एक कॅनडात. सगळी मला काकूच म्हणतात. आठवड्यातून तीन रात्री, दहा ते साडेअकरा.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. गुहा, किल्ले, खाणी अशा ठिकाणी पाच जणांनी मिळून उतरायचं असतं. त्याला डंजन म्हणतात. पाचांत एक टँक, एक हीलर आणि तिघं मारणारे. टँक पुढे राहून शत्रूचे घाव स्वतःवर घेतो, हीलर सगळ्यांचा जीव राखतो, बाकीचे तिघं शत्रूला संपवतात. ही विभागणी जुनी आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी कागदावर आणि फाशांनी खेळायचा डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला, त्यात सुरुवातीला लढणारा, जादू करणारा आणि धर्मोपासक असे तीनच वर्ग होते. जखमा बऱ्या करणं हे त्या धर्मोपासकाचं काम. आजच्या हीलरचं मूळ तिथे आहे.

मी पहिल्यांदा बसले तेव्हा चौघांपैकी एकानेही मला विचारलं नाही. "काकू हील घेतील," एवढंच. सगळं प्रेमाने. थोरल्यानेच मला पॅलाडिन करून दिली. अंगात चिलखत, एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात ढाल, आणि काम उपचाराचं.

ते काम मला जमलं. चांगलंच जमलं. पडद्याच्या कडेला पाच पट्ट्या असतात, प्रत्येकाच्या जिवाची एक. कुणाची खाली येते ते बघायचं आणि त्याच्यावर मंत्र टाकायचा. मंत्राला माना, म्हणजे जादूची शक्ती, लागतो, तो पुरवून वापरायचा. बावीस वर्षं पंगतीवर नजर ठेवून आहे मी. कुणाची वाटी रिकामी झाली, कुणाला पोळी हवीय पण मागायला लाजतोय, कुणाचा आज खाडा आहे आणि कालवण किती उरेल, हे मला वर न बघता कळतं. पोरं म्हणायची, "काकू असल्या की आपण मरतच नाही." ऐकून बरं वाटायचं.

पण खेळून उठले की डोकं जड व्हायचं. दीड तास बसून मला काय दिसलं असं कुणी विचारलं असतं, तर पाच हिरव्या पट्ट्या एवढंच सांगता आलं असतं. बाकीचे म्हणायचे, काय तो धबधबा, काय तो पूल. मी पूल पाहिलेलाच नसायचा. कुणी चुकून आगीत उभं राहिलं की माझ्याच पोटात गोळा. सकाळी पाचपासून जे करत आले तेच रात्री दहाला पुन्हा खुर्चीत बसून करायचं. तीन-चार महिने केलं. मग मीच काही ना काही निमित्त काढून टाळायला लागले. उद्या मोठी ऑर्डर आहे, डोकं दुखतंय.

आमच्या मेसमध्ये एक शब्द रोज दहा वेळा ऐकू येतो: मानवणं. कुणाला वांगं मानवत नाही, कुणाला रात्रीचं ताक. खाऊ शकतात, चवीने खातात, पण दुसऱ्या दिवशी अंग सांगतं. भूमिकेचंही तसंच आहे हे मला चार महिन्यांनी कळलं. हीलिंग मला जमत होतं, मानवत नव्हतं. आपल्या चौकटीत या दोन गोष्टी एकच धरल्या आहेत. माणसाला काय येतं किंवा तो दिसतो कसा यावरून त्याला काय शोभेल ते ठरवून टाकलंय.

मग मी मारणाऱ्यांत गेले. जादूगार केली. फार लिहीत नाही त्याबद्दल. कुणी किती घाव घातले याचे आकडे दाखवणारं एक मीटर असतं, पोरांचं सगळं लक्ष त्यावर. मला त्या आकड्यांत रस वाटेना आणि लांब उभं राहून आग फेकायला करमेना. ज्यांना ते आवडतं त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. कॅनडातला मुलगा कोणता मंत्र कोणत्या मंत्रानंतर टाकायचा याचा वहीत हिशेब मांडतो, आणि ते करताना तो किती आनंदात असतो हे त्याच्या आवाजावरून कळतं.

टँक मी झाले ती एका पावसाळी रात्री. पोरांनी गळ घातली म्हणून मी जुनी पॅलाडिन घेऊन पुन्हा उपचाराला बसले होते. वेस्टफॉल म्हणून एक भाग आहे, तिथे गावाखाली डेडमाइन्स नावाची खाण आहे. आत शिरत गेलं की शेवटी जमिनीखालच्या पाण्यात एक मोठं जहाज उभं दिसतं. आम्ही निम्म्यात असताना नाशिकरोडची लाईट गेली. आमचा टँक तिथलाच. त्याचं पात्र जागच्या जागी थांबलं आणि थोड्या वेळाने दिसेनासं झालं. चौघं खाणीत अडकलो. पोरं म्हणाली, सोडून देऊ, उद्या बघू. मी विचारलं, "या पॅलाडिनला टँक होता येतं ना?" येतं. पॅलाडिनला तीन वाटा असतात, होली उपचाराची, प्रोटेक्शन टँकची आणि रेट्रिब्युशन मारायची. लढाई चालू नसेल तेव्हा वाट बदलता येते, पैसे पडत नाहीत. म्हटलं, "मी करते." दोन क्षण कुणी बोललंच नाही. मग थोरला म्हणाला, "मग हील मी घेतो." त्याचं पात्र प्रीस्ट, म्हणजे पुजारी होतं, त्यालाही उपचाराची वाट आहे. मी वाट बदलली. नवीन हत्यार शोधायची गरज नव्हती. ढाल चार महिने माझ्या हातातच होती.

पहिल्या दोन खेपेला सगळ्यांना मारून टाकलं मी. घाईने पुढे घुसले, मागे थोरल्याचा माना संपलेला. "आई, माझा माना बघ ना आधी!" तिसऱ्या खेपेला थांबले. त्याची मानाची निळी पट्टी भरेपर्यंत कोपऱ्यात उभी राहिले. मग ढाल फेकली. टँक पॅलाडिनची ढाल फेकली की एकाला लागून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे उडते, आणि ते तिघंही तुमच्या अंगावर येतात. ते आल्यावर पायाखालची जमीन भारायची, म्हणजे त्या वर्तुळात जो पाय ठेवेल त्याला चटका बसत राहतो. एक दरोडेखोर माझ्या बाजूने निसटून थोरल्याच्या प्रीस्टकडे धावला. त्याला ओढून परत आणण्यासाठी एक वेगळी कळ आहे, हँड ऑफ रेकनिंग. ती दाबली आणि तो निम्म्यातून वळून माझ्याकडे आला. संपादक महोदय, तो वळला तेव्हा मला जे वाटलं ते मी कितीतरी वर्षांत अनुभवलं नव्हतं. बोटांना लसणाचा वास होता, पंखा बंद करायचा राहिला होता, आणि मी अख्खी तिथे होते.

टँकचं काम नुसतं मार खाण्याचं आहे असं लोकांना वाटतं. मार तर खायचाच, पण ठरवायचंही त्यानेच. आता पुढे जायचं की थांबायचं. चार शत्रू एकदम घ्यायचे की दोन-दोन. मोठा बॉस, म्हणजे शत्रूंचा म्होरक्या, आला की त्याचं तोंड आपल्या माणसांपासून फिरवून भिंतीकडे करायचं, कारण पुष्कळ बॉसचा जबर घाव समोरच्या सगळ्यांना लागतो. बचावाच्या कळा एकदम खर्च करायच्या नाहीत, एक विरली की दुसरी. आणि भ्यालात तरी पाठ दाखवून पळायचं नाही, तुम्ही पळालात की शत्रू तुमच्यामागे सगळ्या ग्रुपवर येतो. घरात, मेसमध्ये मी सगळ्यांचं बघते, पण पुढे कधी जायचं हे मला कुणी विचारत नाही. गॅसचा दर वाढला की डब्याचा दर वाढवू का, हेही मी तीन जणांना विचारून ठरवते. त्या खाणीत मात्र तिघं माझं पाऊल पडायची वाट बघत होते.

त्या रात्री आम्ही जहाजापर्यंत पोचलो. तिथला शेवटचा बॉस आहे 'कॅप्टन' कुकी, जहाजावरचा आचारी, माशाच्या तोंडाचा. तो कढईत उभा राहून खायचे पदार्थ फेकतो. चांगला पदार्थ उचलून खाल्ला की हात भराभर चालतो, नासका खाल्ला तर बाधतो. पोरं गोंधळून गेली होती, कोणता खायचा, कोणता नाही. मी आधी नासके कुठे पडलेत ते बघून सगळ्यांना बाजूला घेतलं. माझ्यासाठी हे रोजचंच काम.

माझं माहेर जुन्या नाशकातलं. धुलिवंदनाला आपल्याकडे वीर निघतात, आपल्या बहुतेक वाचकांना ते ठाऊक असेल. आमच्या घरचाही वीर असायचा. लाल कापडात खोबऱ्याची वाटी, तीत देवाचा टाक, वाजतगाजत रामकुंडावर न्यायचा. लहान मुलांना कुणाला राम, कुणाला मारुती, कुणाला शिवाजी महाराज करतात. माझ्या भावाला दर वर्षी नवं सोंग. एका वर्षी त्याला मारुती केलं, कागदाच्या लगद्याची गदा होती, सोनेरी कागद चिकटवलेली. मी मागून हळदी-कुंकवाचं ताट घेऊन चालायचे. ताट मी नीट धरायचे, एकदाही सांडलं नाही, म्हणून पुढच्या वर्षीही ते माझ्याकडेच. ती गदा किती जड आहे हे मला एकदा हातात घेऊन बघायचं होतं. मी कधी मागितली नाही, कुणी दिली नाही. रागाने लिहीत नाही हे, आई-वडिलांना तसं सुचलंच नसणार. पण आपल्या पुरवणीतली ती चौकट वाचून मला ते ताट आठवलं.

बायकांचा स्वभावच उपचाराचा, हे खरं आहे का, असं मी थोरल्याला विचारलं होतं. त्याने एक अभ्यास शोधून वाचून दाखवला. निक यी नावाच्या संशोधकाने सहकाऱ्यांबरोबर याच खेळातल्या खेळाडूंचं वागणं तपासून २०११ साली तो मांडला. त्यात दिसलं ते असं, की पुरुष खेळाडू बाईचं पात्र घेऊन खेळायला लागले की उपचारात जास्त वेळ घालवतात. माणूस तोच, अंगावरचं सोंग बदललं की हात तिकडे वळतो. मग आमचाही हात किती स्वभावाने वळतो आणि किती सवयीने, हे चौकट लिहिणाऱ्याने एकदा विचारात घ्यावं.

थोरल्याचं सांगायचं राहिलं. जेवलेलं ताट कधी न उचललेला हा मुलगा आता आमचा हीलर आहे, स्वतःहून. परवा माझी पट्टी अगदी तळाला गेली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आई, तू पुढे बघ, मी आहे." खेळ संपल्यावर दोघंही बराच वेळ तसेच हेडफोन लावून बोलत बसलो, त्याच्या ऑफिसातल्या त्रासाबद्दल. ते त्याने मला फोनवर कधी सांगितलं नव्हतं.

भूमिका शोधणाऱ्यांना माझ्या अनुभवातून थोडं सांगते. सुरुवातीला एकाच कामाचं पात्र घेऊ नका. वॉरक्राफ्टमध्ये आता तेरा वर्ग आहेत, त्यांतले पॅलाडिन, मंक आणि ड्रुइड असे आहेत की एकाच पात्राने तिन्ही कामं करून बघता येतात. प्रत्येक काम निदान आठ-दहा रात्री करा. पहिल्या रात्री सगळंच चुकतं, त्यावरून काही ठरत नाही. इंटरनेटवर प्रश्नोत्तरांच्या चाचण्या असतात, त्याही मी दिल्या. त्यांच्या मुळाशी रिचर्ड बार्टल यांची मांडणी आहे. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांच्याबरोबर त्यांनी मड हा अनेकांनी एकत्र खेळायचा पहिल्या काही खेळांपैकी एक खेळ घडवला आणि १९९६ साली खेळाडूंचे चार प्रकार लिहिले: कमावणारे, फिरून शोधणारे, माणसं जोडणारे आणि इतरांना छळणारे. माझं उत्तर आलं माणसं जोडणारी. चुकीचं नाही ते. पण तुम्ही खेळायला का येता एवढंच त्यातून कळतं, आल्यावर कुठे उभं राहायचं ते कळत नाही. ते उठल्यावर कळतं. खेळून उठताना अंग हलकं वाटतं की जड, आणि दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना मनात कालचं काय घोळतं, यावर लक्ष ठेवा.

टँक कमी पडतात म्हणून खेळात कधी कधी टँकला बक्षिसाची थैली देतात. तिच्यासाठी टँक होऊ नका, आठवड्यात कंटाळाल. अनोळखी लोकांबरोबर जायची भीती वाटत असेल तर २०२४ पासून नव्या डंजनपैकी काहींत कॉम्प्युटरचे साथीदार घेऊन उतरता येतं. ते चिडत नाहीत, 'गो गो गो' लिहीत नाहीत. माझ्या पहिल्या अनोळखी ग्रुपमध्ये मी रस्ता चुकले, एक जण काही न बोलता निघून गेला, दुसऱ्याने काहीबाही लिहिलं. मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी साथीदारांबरोबर तोच रस्ता तीनदा चालून पाठ केला.

आणखी एक. शेजारी एक-दोघींनी 'त्या ऑनलाइन रमी खेळतात' असं पसरवलं होतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स व पैसे न लावता खेळायचे खेळ वेगळे धरले आहेत. आपल्या पानावर हे सगळं एकाच मथळ्याखाली होतं. ज्यांची घरं रमीत बुडाली त्यांच्या शेजारी आमचा फोटो का, हे आपण बघावं.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी ती चौकट छापताना मुलींच्या नावापुढे आधीच उत्तर भरून ठेवू नका.

वरच्या मजल्यावरच्या मुलीला मी तिच्या आईला विचारून दोन रविवार माझ्या खुर्चीत बसवलं. तिने ड्रुइड घेतली. ड्रुइडला रूप बदलता येतं. मोठं मांजर होऊन दबकत जायचं, अस्वल होऊन टँक व्हायचं, किंवा माणसाच्या रूपात उपचार करायचे. दुसऱ्या रविवारी ती पाऊण तास मांजर होऊन नदीकाठाने फिरली. एकालाही मारलं नाही तिने. पाण्यात मासे दिसत होते ते वाकून बघत होती, मग एका पुलाखाली शिरली आणि तिथून मला हाक मारली, "काकू, इथे खाली कुणीतरी कंदील लावलाय." मी पीठ मळता मळता जाऊन पाहिलं. अजून तिचं ठरलेलं नाही. येत्या रविवारी अस्वल होऊन बघते म्हणाली.

आपली विश्वासू,
एक मेसचालक वाचक
उत्तमनगर, सिडको, नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)